रिकाम्या मनगटांचा हंगाम

अकोल्याहून अचलपूरला जाणारी एसटी दर्यापूर मागे टाकून पुढे निघाली की डिसेंबरात रस्त्याकडेच्या बाभळींवर कापूस दिसायला लागतो. जिनिंगकडे निघालेल्या गाड्या वाजवीपेक्षा उंच भरलेल्या असतात आणि वाकलेल्या फांद्या त्यांतून चिमूट चिमूट कापूस ओढून घेतात. लहानपणी मी माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, ठासून सांगत असे की बाभळीलाही बोंडं येतात. ती मान डोलवायची. मी सांगितलेलं सगळंच ती खरं मानायची. त्या वेळी मला याचं फार कौतुक वाटे.

वेचणीचा हंगाम आला की मला चेहरे आठवत नाहीत, मनगटं आठवतात. वेचणाऱ्या बाया कमरेला फडक्याची ओटी बांधतात आणि दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करत पुढे सरकतात. बांगड्या आड येऊ नयेत म्हणून त्या कोपरापर्यंत वर ढकलून घट्ट बसवतात. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. दुपारपर्यंत मनगटांवर बारीक लाल रेघा उमटतात. संध्याकाळी हात धुतले की बांगड्या पुन्हा खाली येतात आणि त्या रेघा झाकल्या जातात. सुमनच्या रेघा झाकल्या जात नाहीत. एकवीस वर्षं झाली.

आम्ही ख्रिस्ती, तिसऱ्या पिढीचे. वडील मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. घरात कुंकू नव्हतं, पण बांगड्या होत्या. आईच्या काळ्या पोतीत खाली एक छोटा क्रूस होता आणि हातात हिरव्या काचेच्या बांगड्या. नाताळ चार दिवसांवर आला की ती नव्या भरून घ्यायची, आणि पहिले दोन दिवस भाकरी थापताना नेहमीपेक्षा जरा जास्तच आवाज करायची. त्यात पाप आहे असं आमच्या घरात कुणाला वाटलं नाही. ते वाटायचा मान माझा.

सुमन अचलपूरजवळच्या एका खेड्यात दिली होती. नवरा विलास चांगला होता, हसरा होता, आणि शेतातल्या मोटारीचा शॉक लागून भरदुपारी गेला. त्या वर्षांत वऱ्हाडात शेतकरी गेला म्हटलं की भेटायला येणारा माणूस आधी खाली बसायचा, मग पाणी प्यायचा, मग हळूच विचारायचा, "औषध घेतलं काय?" सुमन प्रत्येकाला सांगायची, "नाई हो, मोटारचा करंट लागला." तिसऱ्या दिवसापर्यंत तिचा आवाज बसला. मग तिची तीन वर्षांची पोरगी, रोशनी, आईच्या मांडीवरून उत्तर द्यायला लागली, "कलंट लागला." येणारे तरीही एकमेकांकडे बघायचे. आजूबाजूच्या गावांतून तशाच बातम्या येत होत्या, आणि अपघातावर लोकांचा विश्वास उरला नव्हता.

मातीहून परत आल्यावर सुमनच्या सासूने तिच्या बांगड्या काढल्या. सासूही ख्रिस्तीच. दर रविवारी देवळात पुढच्या बाकावर बसणारी. मी म्हटलं, "मावशी, आपल्यात हे कुठी आलं?" तिने वर न बघता म्हटलं, "गावात राह्यतो ना बाप्पा आपन. रीत हाय." आम्ही ख्रिस्ती झालो खरे, पण बांगड्यांच्या बाबतीत गाव आमच्याआधी तिथे येऊन बसलेला होता.

पुढच्या हंगामात पहिल्या वेचणीला मी मुद्दाम गेलो होतो. आमच्याकडे त्या दिवशी शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, आणि घरची सवाष्ण पहिलं बोंड वेचते. सुमनच्या शेतात दहीभाताऐवजी प्रार्थना व्हायची, पण पहिलं बोंड घरच्या बाईचंच. सुमन ओटी बांधून तासात, म्हणजे कापसाच्या दोन ओळींमधल्या सरीत, उतरली तेव्हा वेचायला आलेल्यांतली एक म्हातारी म्हणाली, "सुमनबाई, तुमी जरा बांधावर उभ्या राहा व. पयलं बोंड दुसरं कोनी घेईन. साल चांगलं गेलं पाह्यजे ना." तिच्या बोलण्यात दुष्टपणा नव्हता, काळजीच होती. सुमन स्वतःच्या शेताच्या बांधावर जाऊन उभी राहिली. मला प्रार्थना करायची होती. मी डोळे मिटले आणि फार लांब प्रार्थना केली. डोळे उघडायची लाज वाटत होती.

आता माझ्याबद्दल सांगतो.

मी तेव्हा अकोल्यात एका शाळेत शिकवत होतो. तिशी नुकतीच ओलांडली होती. जठारपेठेत एका दुकानावरच्या हॉलमध्ये एक नवी मंडळी, नव्या पंथाच्या ख्रिस्ती लोकांची उपासना, भरायची. वडिलांच्या जुन्या देवळाला मी कंटाळलो होतो. तिथे म्हातारे झोपत आणि पाळकसाहेब दर नाताळला तोच उपदेश करत. या हॉलमध्ये लोक रडत, गुडघे टेकत, सोडून देत. कुणी तंबाखू सोडे, कुणी सिनेमा. बायका दागिने सोडत. दर रविवारी काहीतरी सोडलं जाई आणि सगळ्यांना हलकं वाटे. मला तिथे बायकांच्या सभेत शिकवायला उभं केलं, कारण मला बोलता येत होतं.

माझा विषय ठरलेला असे. प्रेषिताने बायकांना लिहिलेलं ते वचन: शोभा केसांच्या गुंफणीत, सोन्यात, कपड्यांत शोधू नका, ती अंतःकरणात असू द्या. शांत, सौम्य मनाचं लेणं झिजत नाही, आणि देवाच्या नजरेत त्याचं मोल मोठं. आजही ते शब्द वाचताना मला वाटतं की बाईला इतक्या आदराने फार थोड्यांनी काही सांगितलं असेल. तुझी किंमत अंगावरच्या डागदागिन्यांवर नाही, असं ते सांगतं. ज्या पोरीच्या बापाकडे गुंजभर सोनं नाही तिला केवढा आधार आहे त्यात! मी मात्र त्या आधाराची तपासणी केली. कुणाच्या कानात काय, कुणाच्या हातात काय, हे मी बघत असे. त्याच उताऱ्यात पुढे नवऱ्यांसाठी लिहिलंय की बायकोला मान देऊन राहा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा होईल. मी तिथे पोचायच्या आधीच पुस्तक मिटत असे. आणि बोलताना ज्या हाताने हातवारे करत असे त्या मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ होतं. त्याबद्दल मला कुणी कधी विचारलं नाही, मीही विचारलं नाही.

माझी बायको शीला हिने माझ्यासाठी बांगड्या काढल्या. तिने वाद घातला नाही. फक्त एवढं म्हणाली, "बाजारात लोक मले पायतात आन् मंग तुमच्याकडे पायतात. त्याईले वाटते इचा त नवरा मेला, मंग तुमी कोन आहा." मी हसलो होतो. त्या रविवारी मंडळीत माझा मान वाढला होता.

सभेत बायका प्रश्न विचारायच्या. घरात दुःख का आलं, अमक्याचा मुलगा का गेला, देव कुठे होता. त्या वर्षांत वऱ्हाडात हे प्रश्न विचारायला विचारवंत लागत नव्हता. उत्तर देता येईना तेव्हा मी नियम दिला. नियम हातात धरता येतो.

विलास गेल्याच्या दुसऱ्या वर्षी मी सुमनला आणि रोशनीला नाताळासाठी अकोल्याला आणलं. सुमन मंडळीत आली आणि तिला फार बरं वाटलं. कारण मला कळलं नाही, शीलाला कळलं. त्या हॉलमध्ये पन्नास बायका होत्या आणि एकीच्याही हातात बांगडी नव्हती. दोन वर्षांत पहिल्यांदा सुमन अशा ठिकाणी बसली होती जिथे तिच्याकडे बघून ती विधवा आहे हे ओळखू येत नव्हतं. घरी येताना ती शीलाला म्हणाली, "वहिनी, इथं कोनी मले बांधावर उभं नाई करत."

नाताळच्या आधी दोघी मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरात कापड घ्यायला गेल्या. पुढचं मला शीलाने सांगितलं. तिथे एका बोळात हमीदाखालांचं बांगड्यांचं छोटं दुकान होतं. रोशनीला इवल्या बांगड्या हव्या होत्या म्हणून या थांबल्या. खालाने पोरीचा हात भरला आणि लगेच सुमनचा हात ओढून घेतला. "ला बेटा. हात ढीला सोड."

"मले नाई भरायच्या, खाला."

"काहून नाई? दुखत नाई, मी काय आजची हाय काय?" खाला बोलत बोलत तळहात दाबत होती. "किती दिवसाचा उपाशी हाय व हा हात!"

शीला सांगते की सुमनला तिथून उठता आलं असतं. ती उठली नाही. खालाने हिरव्या काचेच्या सहा-सहा बांगड्या दोन्ही हातांत चढवल्या, आणि सुमन मान खाली घालून हातांकडे बघत राहिली. वाटेत पुलावर तिने शीलाला विचारलं, "वहिनी, आपन ख्रिस्ती. आपल्यात अपशकुन नसते ना?" शीला म्हणाली, "नसते." "मंग मी घालू शकतो." वऱ्हाडातल्या बाया स्वतःबद्दल असं कधी कधी पुरुषासारखं बोलतात. "दादाच म्हने ना का देवापुढं कोनी रांडकी नाई, कोनी सवाष्न नाई."

मी म्हणालो होतो. ते माझंच वाक्य होतं. बहिणीने त्याचा अर्थ माझ्यापेक्षा नीट लावला होता.

घरी आली तेव्हा मी मंडळीच्या कामात होतो. तिने चहा आणून दिला, दोन्ही हातांनी, आणि उभी राहिली. मी बघितलं. मी काहीच बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, ती रविवारी काढून आली असती. मला वाटलं तिचं तिला कळेल.

रविवारी सकाळी प्रभुभोजन, येशूच्या आठवणीची भाकर वाटून खायचा विधी, होतं. आमच्या मंडळीत भाकरीचं ताट घेऊन नेमलेले पुरुष ओळीओळीने फिरत, आणि दागिना अंगावर असलेलीला ते दिलं जात नसे. हे सगळ्यांना माहीत होतं. फक्त सुमनला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी बायकांच्या बाजूचं ताट माझ्याकडे होतं. मी तिच्या ओळीत पोचलो. तिने पदरातून हात बाहेर काढला आणि पुढे केला. बांगड्या वाजल्या. हॉलमध्ये शांतता होती. मागच्या बाकावरून कुणीतरी बघतंय हे मला पाठीवर जाणवलं.

मी ताट मागे घेतलं आणि पुढच्या बाईसमोर धरलं.

तिचा हात क्षणभर तसाच होता. मग तो पदरात गेला. तिला कळलंच नाही आधी. मला वाटतं तिला वाटलं मी विसरलो. तिने वर पाहिलं आणि मग तिला कळलं.

घरी आल्यावर ती मोरीत साबण घेऊन बसली. मी दारात उभा होतो. काढताना ती रडली नाही. एक एक बांगडी फेसातून सरकवून बाजूला ठेवत होती. एकही फुटू दिली नाही. मग म्हणाली, "दादा, एक सांग. तिकडे नवरा मेला म्हून नाई घालायच्या. इकडे देव भेटला म्हून नाई घालायच्या. मंग घालायच्या कुठी?"

मी तिला अंतःकरणाच्या शोभेबद्दल सांगितलं. होय, त्या वेळीही. सभेत सांगत असे तसंच, त्याच क्रमाने.

तिने ऐकून घेतलं. नंतर त्या बारा बांगड्या शीलापुढे ठेवल्या. शीलाच्याही हातात बांगड्या चालत नव्हत्या. शेवटी शीलाने त्या शेजारणीला देऊन टाकल्या.

यानंतर सुमनने मंडळी सोडली असती, माझ्याशी बोलणं टाकलं असतं, तर मला सोपं गेलं असतं. तसं झालं नाही. ती गावी परतली आणि मी सांगितलेलं तिने मनावर घेतलं. पुढच्या पहिल्या वेचणीला ती कुणी सांगायच्या आत बांधावर जाऊन उभी राहिली आणि मोठ्यांदा म्हणाली, "मी रांडकी हाय म्हून नाई, मी प्रभूची हाय म्हून रिकामी हाय. आता घ्या पयलं बोंड." बाया हसल्या असतील, पण त्यांना बोलायला जागा राहिली नाही. हळूहळू तिच्या ओसरीवर बायकांची प्रार्थना भरायला लागली. आजूबाजूच्या गावांतल्या नवऱ्याविना राहिलेल्या बायाही तिथे येत. ती त्यांना शोभेबद्दल सांगे, माझ्याच शब्दांत. ती शिकवते चांगलं, माझ्यापेक्षा चांगलं. ती कुणाची तपासणी करत नाही. तिला बघूनच बाया काढून ठेवतात.

आणि मी? मी बदललो. त्याला काही मोठं कारण झालं नाही. एका लग्नात शीला इतर बायकांच्या हातांकडे बघताना मला दिसली, एवढंच. पुढच्या आठवड्यात तिने मला न विचारता बांगड्या भरल्या, आणि मी त्या बघून न बघितल्यासारखं केलं. मंडळीतून विचारणा झाली. आम्ही जाणं कमी केलं, मग बंद केलं. आता वडिलांच्या जुन्या देवळात जातो आणि झोपणाऱ्या म्हाताऱ्यांत बसतो. मी मोकळा झालो. माझी चूक मागे राहिली, सुमनकडे, आणि तिथे तिने तिचं घर केलं.

यंदा रोशनीचं लग्न ठरलं. तिने अमरावतीला नर्सिंग केलं. मुलगा तिथलाच, शिक्षक, ख्रिस्ती घरचा. नाताळनंतरची तारीख. तयारीला म्हणून मी गेलो, तर एसटी थांब्यावर रोशनीच घ्यायला आली होती. पिशवी माझ्या हातून घेत म्हणाली, "मामा, आई चुडा भरू देत नाई म्हणते. एक बांगडी पण नाई. माझ्या सासरचे काय म्हणतील? लग्नाच्या दिवशी पोरगी विधवेसारखी उभी!" मग जरा थांबून, "तुमी बोला ना तिच्याशी. ती तुमचंच ऐकते."

सुमन शेतात होती. दुसरी वेचणी चालू होती. मी तिच्या शेजारच्या तासात उतरलो आणि सवय नसलेल्या हातांनी बोंडं ओढायला लागलो.

"कापसासंगं पालाही घेऊन राहिला तू," ती म्हणाली. "मास्तरकी करून बोटं गेले तुहे."

"सुमन, पोरीले भरू दे बांगड्या."

"काहून?"

"लग्न हाय तिचं."

"लग्न मनाचं असते का हाताचं? कोनं सांगतलं होतं हे?"

"मीच सांगतलं होतं. मी चुकलो होतो, सुमन."

हे वाक्य मी किती वर्षं तोंडात धरून होतो! मला वाटलं होतं ते बाहेर पडलं की काहीतरी सुटेल. ती वेचत राहिली. ओटी जड झाली होती, तिने ती नीट केली.

"कायले चुकला? मले ताटातली भाकर नाई देल्ली ते चुकला, का शिकवलं ते चुकला?"

"दोन्ही."

आता ती थांबली. "भाकरीचं सोड. ते मी कवाच सोडलं. पन शिकवन खोटी असन त मले एक सांग. एकवीस वर्सं मी रिकाम्या हातानं काहून हिंडली? रोशनीचा बाप मेला म्हून? मंग गावातले लोक खरे होते त. मी रांडच होती, आन् मले वाटे मी देवाची हाय."

तिचा आवाज चढला नव्हता. ती खरंच विचारत होती. लहानपणी बाभळीकडे बोट दाखवून विचारायची तसंच, दादाला माहीत असेल म्हणून. मी हो, खोटी होती, म्हटलं असतं तर पोरीच्या हातात चुडा आला असता आणि आईची एकवीस वर्षं त्या तासातच जमिनीवर पडली असती.

"खोटी नाई," मी म्हणालो.

"मंग झालं त," ती म्हणाली आणि पुढच्या झाडाकडे वळली.

संध्याकाळी रोशनीने विचारलं. मी तिला म्हटलं, आई म्हणते तसं कर. "तुमी बोललाच नाई ना मामा?" मी म्हटलं, बोललो. ती म्हणाली, "मग?" मी पाणी प्यायला आत गेलो. तिला मी घाबरट वाटलो असेन. तसा मी आहेच, पण त्या दिवशी तेवढंच नव्हतं, आणि ते तिला समजावून सांगायचं म्हणजे तिच्या आईचं एकवीस वर्षांचं मनगट तिच्यापुढे उघडं करायचं.

लग्न अचलपूरच्या देवळात झालं. मुलाकडच्या बायका मागे कुजबुजत होत्या. एक आत्याबाई तर पुरेशा मोठ्या आवाजात म्हणाली, "अवं, गरीब असन, पन काचेच्या त मिळतात ना?" रोशनीला ऐकू गेलं. तिचे कान लाल झाले. तिला वडील नाहीत म्हणून तिचा हात धरून मी चालत होतो. तिचा हात घामेजला होता आणि सारखा सुटत होता. पाळकसाहेबांनी आम्हाला पुढे बोलावलं आणि या मुलीला या पुरुषाच्या हाती कोण देतो, असं विचारलं.

उत्तर दोन शब्दांचं होतं आणि मला उशीर झाला. रोशनीने वळून पाहिलं. पहिल्या बाकावरून सुमननेही पाहिलं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती ताठ बसली होती, लेकीच्या हातांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकं स्वच्छ समाधान होतं की मी खाली बघितलं.

"मी देतो," मी म्हणालो.